आधी चावी फिरवून बघा!

मंडळी, एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या घराचं पाणी पूर्ण बंद करायची चावी कुठे आहे? बेसिनखालची नाही, गीझरजवळची नाही. अख्ख्या घराचं पाणी एकदम तोडणारी. आणि उपप्रश्न: ती शेवटची कधी फिरवली होतीत?

गेले काही आठवडे मी हा प्रश्न ऑफिसात, ट्रेकच्या ग्रुपमध्ये, नातेवाइकांत, जो सापडेल त्याला विचारतोय. उत्तरं ठरलेली. "डक्टमध्ये असेल बहुतेक." "वॉचमनला माहीत आहे." "हिला माहीत असेल." (हिला माहीत नसतं.) एका मित्राने तर शांतपणे सांगितलं, "सोसायटीचं ॲप आहे ना, त्यावर कंप्लेंट टाकायची." म्हणजे नळाचं डोकं हातात आलंय, हॉलमध्ये पाणी पसरतंय, आणि हा गृहस्थ तिकीट रेझ करणार! धन्य.

आता गंमत बघा. याच मंडळींना धरणात किती टक्के साठा आहे ते तोंडपाठ असतं. टाटाच्या धरणांचं पाणी कोकणात का सोडतात, ऊस किती पाणी पितो, महापालिकेची पाइपलाइन कुठे फुटलीय, या सगळ्यावर यांची ठाम मतं असतात. (माझीही आहेत.) मात्र धरणापासून आपल्या नळापर्यंतच्या प्रवासातले शेवटचे जे तीस-चाळीस फूट आपल्या मालकीचे आहेत, त्यांच्याबद्दल अक्षर नाही. माझं स्पष्ट म्हणणं असं आहे की आपल्या पिढीला घर विकत घेता येतं, राखता येत नाही. आणि लोणावळा-मावळात, जिथे आपल्यातले निम्मेअधिक लोक एकतर राहायला गेलेत नाहीतर 'सेकंड होम' घेऊन बसलेत, तिथे ही बेफिकिरी नुसती खासगी राहत नाही. तिथल्या पाण्याला इतिहास आहे.

तो थोडक्यात सांगतो, कारण एक्स्प्रेसवेवरून ताशी शंभरने जाताना तो दिसत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून तीसेक किलोमीटर पूर्वेला, तळेगावला येईपर्यंत तो कितीतरी कमी होतो. घाटमाथ्यावरचं पाणी वळवण, लोणावळा आणि शिरवता या टाटांच्या तलावांत अडवून 1915 पासून खोपोलीच्या वीजघरात सोडलं जातं आणि ते पाताळगंगेच्या खोऱ्यात उतरतं. पवना धरणाचं पाणी मुख्यतः पिंपरी-चिंचवडला जातं. ज्यांच्या जमिनी या धरणात गेल्या त्यातल्या अनेकांचं पुनर्वसन दशकानुदशकं रखडलं. पुढे धरणापासून निगडीपर्यंत बंद पाइपलाइन टाकायचं ठरलं. नदीचं वाहतं पाणी कमी झालं तर आपल्या उपसा योजनांचं काय, म्हणून मावळातले शेतकरी विरोधात उभे राहिले. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन माणसं गेली. त्यात एक बाई होत्या. काम थांबलं. 2023 मध्ये राज्य सरकारने त्यावरची स्थगिती उठवली. दरम्यान पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी सुरू झालं होतं.

पाइपलाइन हवी की नको यावर आज मी बोलत नाही. दोन्ही बाजूंना खरी गरज आहे, म्हणून तर ते भांडण इतकं कडू आहे. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य व्हावी. ज्या पाण्यासाठी माणसं मेली, ते पाणी शेवटी एखाद्या संडासाच्या टाकीतून रात्रंदिवस भांड्यात ओघळत राहणार असेल, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसेल, तर त्या मालकाने धरणावर बोलताना जरा आवाज खाली ठेवावा.

"एवढ्याशा थेंबाचं काय घेऊन बसलास" असं म्हणाल, म्हणून हिशोब करूया. आपण इंजिनियर लोक, हिशोबाला घाबरायचं कारण नाही.

नळाचा थेंब. सेकंदाला एक थेंब, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला 86,400 थेंब म्हणजे सव्वाचार लिटरच्या वर. वर्षाला दीड हजार लिटरच्या पुढे. हे फार नाही, मान्य. पण थेंब दिसतो, टपटप ऐकू येतो, झोपमोड करतो, म्हणून त्याची निदान तक्रार तरी होते.

खरा चोर गप्प असतो. फ्लशच्या टाकीतलं रबर झिजलं की भांड्याच्या मागच्या बाजूने पाण्याचा पातळ पापुद्रा उतरत राहतो. आवाज नाही, काही नाही. लिटरची बाटली दहा मिनिटांत भरेल एवढी जरी ती गळती धरली, तरी दिवसाला 144 लिटर होतात. शहरात एका माणसाला दिवसाला 135 लिटर हे आपल्याकडचं नियोजनाचं माप आहे. म्हणजे तुमच्या घरात एक जास्तीचा माणूस राहतोय, जो आंघोळ करत नाही, स्वयंपाक करत नाही, नुसतं पाणी वापरतो. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला 55 लिटर हे माप ठरवलं. त्या हिशोबाने तुमचा एक बिघडलेला फ्लश अडीच माणसांचं पाणी पितो. वर्षाचे होतात साडेबावन्न हजार लिटर. दहा हजार लिटरचे पाच टँकर, आणि वर थोडं. दोनशे फ्लॅटच्या सोसायटीत असे फक्त वीस फ्लश धरा: दिवसाला 2,880 लिटर. साडेतीन दिवसाला एक टँकर नुसता गटारात. मग जनरल बॉडीत कमिटीवर आरडाओरडा की टँकरचं बिल एवढं कसं आलं!

आता वीकेंड होमकडे येऊ. तुंगार्लीच्या चढावरचा असो की पवनेच्या काठचा, बंगला रविवारी संध्याकाळी बंद होतो तो शुक्रवारी संध्याकाळी उघडतो. वीज बंद करायची आठवण असते, कारण शॉर्ट सर्किटची भीती. गॅस बंद करायची आठवण असते. पाण्याची चावी? उघडी. पाच दिवस तोच 144 लिटरचा फ्लश चालू राहिला तर 720 लिटर गेले. साधी टाकी असती तर ती रिकामी झाली असती आणि शुक्रवारी आल्यावर निदान कळलं तरी असतं. पण आपण हुशार! आपण टाकीला सेन्सर आणि मोटारीला ऑटोमॅटिक कंट्रोलर बसवलाय. पातळी खाली गेली की बोअरची मोटार आपोआप चालू होते, टाकी भरते, गळती सुखाने चालू राहते. विजेचं बिल थोडं वाढतं, ते ऑटो-पे ने जातं. पूर्ण सिस्टीम अशी बनवलीय की दोष कुणालाच दिसू नये. आपल्या धंद्यात याला मेमरी लीक म्हणतात आणि रोज रात्री सर्व्हर रिस्टार्ट करून तो झाकणाऱ्या टीमला आपण हसतो. घरी तेच करतो.

लोणावळ्याची आणखी एक खास सोय आहे. तिथे प्रत्येक ओलीचा दोष पावसावर टाकता येतो. भिंतीला पोपडे आले? पाऊस. छताला पिवळा डाग? पाऊस. कपाटात बुरशी? अहो, लोणावळा आहे, असणारच! जून ते सप्टेंबर हे खरंही असू शकतं. पण पाऊस गेल्यावर भिंत वाळायला हवी. जो डाग फेब्रुवारीतसुद्धा ओला आहे तो पावसाचा नाही, पाइपचा आहे. तरीही लोक दर उन्हाळ्यात गच्चीवर वॉटरप्रूफिंग करून घेतात, हजारो रुपये घालतात, आणि भिंतीच्या आत एका सांध्यातून पाणी झिरपत राहतं. फेब्रुवारीत भिंतीवर हात ठेवून बघायला एक पैसा लागत नाही. पण त्यासाठी फेब्रुवारीत तिथे जायला हवं, आणि आपण तर जातो पावसात, भजी खायला.

असो. आता नेहमीचे आक्षेप घेऊ.

पहिला: "सगळ्यात जास्त पाणी शेतीला जातं, तू थेंब काय मोजतोस?" बरोबर आहे, राज्यात पाण्याचा सर्वांत मोठा वापर शेतीचाच आहे. पण शेतीला जाणारं पाणी आणि तुमच्या टाकीतलं पाणी एक नाही. तुमच्या टाकीतलं पाणी कुणीतरी उपसलंय, गाळलंय, त्यात क्लोरिन टाकलंय, आणि वीज जाळून दहाव्या मजल्यावर चढवलंय. आणि मुख्य म्हणजे, उसाची चावी तुमच्या हातात नाही, फ्लशची आहे. दुसऱ्याच्या हातातल्या चावीवर भाषण करायचं आणि स्वतःच्या हातातली फिरवायची नाही, याला कळकळ म्हणत नाहीत.

दुसरा: "गळालेलं पाणी जमिनीतच मुरतं ना?" नाही मुरत. फ्लशचं पाणी ड्रेनेजला जातं. बंगल्याला सेप्टिक टँक असेल तर हे फुकटचं पाणी त्यातून ढकललं जातं, मैला खाली बसायला वेळ मिळत नाही, आणि अर्धवट साफ झालेलं सांडपाणी उताराच्या खालच्या बाजूला जातं. खालच्या बाजूला गाव असतं. स्लॅबमध्ये मुरणारं पाणी तर सरळ सळयांना खातं. सळई गंजली की फुगते, फुगली की काँक्रीट फोडते. तेव्हा मात्र प्लंबरने भागत नाही.

तिसरा: "लोणावळ्यात पाण्याला काय तोटा?" चार महिने तोटा नाही. पण सह्याद्रीचा काळा खडक पाणी फार धरून ठेवत नाही आणि उतार ते थांबू देत नाही. ज्या डोंगरावर जुलैत धबधबे बघायला गर्दी होते, त्याच डोंगराच्या वाड्या-वस्त्यांवर मे महिन्यात बायका हंडा घेऊन निघतात. पाऊस किती पडला आणि पाणी किती उरलं हे दोन वेगळे आकडे आहेत.

चौथा: "वेळ कुठाय?" याचं उत्तर खाली देतो. सगळं मिळून वर्षाला दोन तास.

आधी ज्याला सगळे विसरतात ती मुख्य चावी. जुन्या घरांत ती बहुतेक गेट व्हॉल्व्ह असते, वर गोल चाक असलेली. (प्लंबर त्याला 'वॉल' म्हणतो, आपणही म्हणू.) त्याच्या आत एक पाचर असते, ती आट्यांच्या दांड्यावर वरखाली होते. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली की आट्यांत क्षार बसतात, पितळ आणि लोखंड जिथे एकत्र येतं तिथे गंज चढतो, आणि गरज पडते त्या दिवशी चाक हलत नाही. मग कुणीतरी मोठा पाना लावून जोर करतो. दांडा तुटतो. आता चाक छान गरगर फिरतं, पण आतली पाचर जिथल्या तिथे, आणि पाणी चालूच. आमच्याकडे येणारे प्लंबर काका एकदा म्हणाले होते, "साहेब, वॉल वापरून खराब नाय होत, न वापरून होतो." एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी बाकी लेख वाचला नाहीत तरी चालेल. जो बॅकअप कधी रिस्टोर करून पाहिला नाही तो बॅकअप नव्हे, हे आपल्याला नोकरीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. जी चावी कधी बंद करून पाहिली नाही ती चावी नव्हे, हे कुणी शिकवत नाही.

म्हणून वर्षातून दोनदा ती पूर्ण बंद करायची, घरातला एक नळ उघडून पाणी खरंच थांबलं का बघायचं, पुन्हा पूर्ण उघडायची आणि मग अर्धा आटा मागे घ्यायची, म्हणजे ती टोकाला अडकून बसत नाही. अर्धवट उघडी ठेवून प्रेशर कमी करायचा उद्योग करू नका. पाचर पाण्यात थरथरते, तिची बैठक झिजते, आणि मग ती कधीच घट्ट बसत नाही. दांड्याच्या मुळाशी पाणी पाझरत असेल तर घाबरू नका, तिथला ग्लँडचा नट थोडासा, अगदी पाव आट्यापेक्षा कमी, आवळून बघा. तरी थांबलं नाही तर आतला दोरा बदलायचा. व्हॉल्व्ह बदलायचा नाही.

नव्या घरांत बॉल व्हॉल्व्ह असतो, पाव फेऱ्याचा दांडा असलेला. दांडा पाइपच्या रेषेत असेल तर चालू, आडवा असेल तर बंद. आत भोक असलेला एक गोळा असतो, एवढंच. हाही महिनोन्‌महिने न फिरवता ठेवला तर क्षाराने धरतो. फिरवताना सावकाश. झटक्यात बंद केला की वाहतं पाणी जागच्या जागी थांबतं आणि पाइपमध्ये धाडकन दणका बसतो, सगळे सांधे हलतात.

मग नळ. जुना आट्यांचा नळ गळतो तेव्हा आपण काय करतो? पिळतो. आणखी पिळतो. घरातले पुरुष तर अशा ईर्षेने पिळतात की पुढच्या माणसाला उघडता येऊ नये. त्याने वायसर कापला जातो आणि खालची बैठक खरवडते. दहा-वीस रुपयांच्या वायसरचं काम मग नव्या नळावर जातं. नव्या पाव फेऱ्याच्या नळात वायसर नसतो, सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. त्यांचा शत्रू वाळूचा कण. टाकी वर्षातून एकदा धुतली आणि अँगल कॉकमधली जाळी असेल तर ती साफ केली, तर त्या चकत्या खूप वर्षं जातात.

फ्लशची परीक्षा अगदी सोपी. टाकीत चमचाभर कपड्यांची नीळ टाका, वीस मिनिटं कुणालाही फ्लश करू देऊ नका. भांड्यात निळं पाणी दिसलं तर चोर सापडला. वरच्या टाकीचा बॉल कॉकही बघून घ्या. चेंडूत पाणी शिरलं असेल तर तो जड होऊन बुडतो, व्हॉल्व्ह बंद होत नाही आणि टाकी वाहते. चेंडू काढून कानाजवळ हलवायचा, खळखळ आली की बदलायचा. आणि संपूर्ण घराची परीक्षा घ्यायची तर रात्री झोपताना मीटरचा आकडा लिहून ठेवायचा. मीटर नसेल तर टाकीत येणारं पाणी बंद करून पातळीवर खूण करायची. सकाळी कुणी नळ उघडायच्या आधी पुन्हा बघायचं. आकडा हलला किंवा खूण उघडी पडली तर कुठेतरी गळतंय. 'स्मार्ट' लीक सेन्सर घ्यायच्या आधी ही एक रात्र द्या.

एक सूचना जिवाची आहे म्हणून वेगळी सांगतो. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडे थेंब पडतात. पाणी तापलं की फुगतं, ते जादा पाणी बाहेर टाकणं हेच त्याचं काम आहे. सतत गळत असेल तर प्रेशर जास्त आहे किंवा व्हॉल्व्ह गेलाय, माणूस बोलवा. पण तो बूच मारून बंद करू नका आणि कुणाला करू देऊ नका. बाथरूम कोरडं दिसावं म्हणून असं बूच मारलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. ती गळती थांबवणं नव्हे, डोक्यावर बाँब टांगणं आहे.

उंच इमारतीत आणखी एक भानगड. गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली आलं की चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोने दाब वाढतो. अकरा मजली इमारतीत खालच्या फ्लॅटला तीन किलोच्या वर दाब बसतो. तिथे प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल किंवा बिघडलेला असेल, तर खालच्या मजल्यांचे वायसर आणि गीझरचे जाळीदार कनेक्शन पाइप वारंवार जातात, आणि बिचारे लोक नळाच्या कंपनीला शिव्या घालत बसतात. तळेगाव, सोमाटणे, गहुंजे या पट्ट्यात आता असे टॉवर उभे राहतायत. कमिटीला विचारा, आपल्याकडे तो व्हॉल्व्ह आहे का आणि शेवटचा कधी तपासला.

आता बिल्डर लोकांकडे वळतो, कारण सगळं पाप ग्राहकाचं नाही. ब्रोशरमध्ये इटालियन मार्बल असतं, इन्फिनिटी पूल असतो, पण कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे याचा एक कागद ताबा देताना मिळत नाही. चाव्या डक्टमध्ये अशा ठिकाणी बसवतात की तिथे फक्त मांजर पोचेल. काही ठिकाणी त्या टाइलच्या मागे गाडलेल्या असतात आणि वर सांगतात, "सर, कन्सील्ड आहे, लुक चांगला येतो." लुक! ज्या वस्तूची दुरुस्ती करायला भिंत फोडावी लागते ती वस्तू चुकीच्या जागी आहे, मग ती कितीही देखणी असो. भारतीय मानक संस्थेची या वस्तूंसाठी मानकं आहेत: गेट व्हॉल्व्हला आयएस 778, आट्यांच्या नळाला आयएस 781, बॉल कॉकला आयएस 1703. नळाचा ब्रँड विचारणारे खूप, हे आकडे विचारणारा ग्राहक मला अजून भेटायचाय.

आणि कायदा आपल्या बाजूने आहे. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 14 मध्ये लिहिलंय की ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सेवांमध्ये दोष निघाला तर तो बिल्डरने तीस दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा. पाइपची गळती यात येते. पण त्यासाठी पाच वर्षं संपायच्या आत ती सापडायला हवी आणि लेखी कळवायला हवी. आपण पाच वर्षं 'पाऊस, पाऊस' म्हणत काढतो आणि सहाव्या वर्षी भिंत फोडतो. त्यानंतर वरचा आणि खालचा फ्लॅट यांचं भांडण सुरू होतं. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची गळती सोसायटीने बघायची, घराच्या आतली ज्याची त्याने. इतकं स्पष्ट असून लोक वर्षभर बोलत नाहीत एकमेकांशी.

प्लंबरबद्दलही बोलायला हवं. "चांगला प्लंबर मिळत नाही" हे रडगाणं मी खूप ऐकतो. मिळेल कसा? आपण त्याला फक्त पूर आल्यावर बोलावतो, रविवारी सकाळी, आणि आल्या आल्या विचारतो "किती घेणार?". लोणावळ्याला जाताना टोल भरताना हात थरथरत नाही, पण शंभर-दोनशे रुपयांवरून त्याच्याशी घासाघीस. काही गळत नसताना नुसतं तपासायला बोलावून त्याचे पैसे देऊन बघा. वर्षातून एकदा. दोरा, वायसर बदलून देणारा माणूस मग नवा नळ विकायला बघत नाही, कारण दुरुस्तीचे पैसे त्याला मिळतात. आपण दुरुस्तीला किंमत देत नाही म्हणून आपल्याला बदली विकली जाते.

हा दोष आजचा नाही म्हणा. मावळातच भाज्याची लेणी आहेत. तिथे कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत, लेखात त्यांना 'पोढी' म्हटलंय. एका महारठीने पोढी दान दिल्याचा लेख दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतो. ज्यांनी दर उन्हाळ्यात त्या पोढीतला गाळ काढला त्यांचं नाव कुठेही नाही. तेव्हापासून आजतागायत आपण उद्घाटनाची पाटी लावतो, गाळ काढणाऱ्याची नाही. पण पाणी दान देणाऱ्याच्या नावाने टिकत नाही, गाळ काढणाऱ्याच्या हाताने टिकतं. धरणाचं तेच, आणि तुमच्या टू बीएचकेचंही तेच.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो, ऑफिसात लॅपटॉपलाही हळदकुंकू लावतो. अवजारांचा दिवस आहे तो. त्या दिवशी घरातली प्रत्येक चावी एकदा बंद करून उघडा. साधारण सहा महिन्यांनी पाडवा येतो, तेव्हा पुन्हा. जोडीला निळीची परीक्षा आणि एका रात्रीचा मीटरचा आकडा. घरातल्या प्रत्येकाला, शाळेतल्या पोरालासुद्धा, मुख्य चावी कुठे आहे ते दाखवून ठेवा आणि तिच्यावर ऑइल पेंटने लिहून टाका. वीकेंडच्या बंगल्याचं दार ओढायच्या आधी गीझरचं बटण बंद, मग मोटारीचा कंट्रोलर बंद, मग पाण्याची चावी बंद. केअरटेकरला बागेपुरता वेगळा नळ काढून द्या.

एवढं करा आणि मग पवनेच्या पाइपलाइनवर, टाटाच्या धरणांवर, उसावर, ज्याच्यावर बोलायचं त्याच्यावर खुशाल भांडू. मी येतो भांडायला. पण आधी उठा आणि ती चावी फिरवून बघा. जोर लावू नका. हलली नाही तर प्लंबरला आजच फोन करा, नळ तुटेल त्या दिवशी नव्हे.